दिवाळीला पास, मे महिन्यात नापास

परभणीत लग्नाच्या तिथी आणि पारा बरोबरच चढतात. एप्रिल-मेमध्ये मंगल कार्यालयं फुल्ल, घोडेवाल्याला उसंत नाही, आणि कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा पेपरात ठळक अक्षरांत. ४२-४३ अंश आमच्याकडे रोजचंच. ४५ला टेकला तर माणसं पारावर त्याचा विषय काढतात. माझ्या भाच्याची वर्षाची निम्मी कमाई याच दोन महिन्यांत होते. तो लग्नाचं शूटिंग घेतो आणि रात्री बसून पीसीवर मिक्सिंग करतो. शेवटी सगळे तुकडे जोडून पीसी अख्खा व्हिडिओ तयार करतो, त्याला रेंडर म्हणतात.

"मावशी, रेंडर नव्वद टक्क्यांवर गेलं की पीसी मरूलालाय. विंडोज मारून झालं, रॅम पुसून झाली. आता एसएमपीएस बदलू का प्रोसेसर?"

मी इथल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे नात्यात कुणाचा मिक्सरही घरघर करायला लागला तरी फोन मलाच येतो. (एसएमपीएस म्हणजे पीसीच्या आतला वीज पुरवणारा डबा.) रॅम काढून खोडरबराने घासायचा उपाय मात्र त्याला मी शिकवलेला नाही. तो आपल्याकडे कुणीच कुणाला शिकवत नाही, हवेतच असतो. आणि तो अधूनमधून लागूही पडतो, कारण रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खरोखरच मळ चढलेला असतो. पण रेंडर ठरावीक ठिकाणी, तासभर मशीन तापल्यावर मरत असेल, तर रबर काय करणार?

खोदून विचारल्यावर कळलं की पीसी ओव्हरक्लॉक केलेला आहे, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेला. कंपनीचा प्रोसेसर सगळे कोअर कामाला लागल्यावर ४.३ गिगाहर्ट्झवर चालायचा, याने तो ४.७ वर नेला होता. व्होल्टेज १.२२ चं १.३८. "दिवाळीत रात्रभर प्राइम९५ चालवलं होतं, पास झाला होता," हे त्याने इतक्या ठामपणे सांगितलं की जणू त्यावर बोर्डाचा शिक्का आहे. प्राइम९५ म्हणजे प्रोसेसरला पूर्ण भारावर ताणून बघणारा प्रोग्रॅम.

ओव्हरक्लॉकिंगबद्दल मला आकस नाही. १९९८ साली तीनशे मेगाहर्ट्झचा एक सेलेरॉन आला होता, ३००ए. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसची, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ ठोक्याची, गती गुणिले गुणक. त्याचा गुणक साडेचारला बांधलेला होता, पण मदरबोर्डवर बसची गती ६६ वरून १०० केली की तोच तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेवर पळायचा. दीडपट वेग, फुकटात! अशी चंगळ एकदा पाहिलेल्या माणसाला हे वेड कळतं. पण आताचे प्रोसेसर कारखान्यातूनच स्वतःला ताणत येतात. थंड वाटलं की आपलेआप वर चढतात, तापले की उतरतात. आपल्यासाठी पातेल्याच्या तळाशी उरलेलं असतं ते थोडंच, आणि ते खरवडायला जाळ मोठा लागतो.

किती मोठा, त्याचं गणित मी त्याला कागदावर करून दाखवलं. प्रोसेसरची उष्णता साधारण वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४.७ भागिले ४.३ म्हणजे १.०९. १.३८ भागिले १.२२, त्याचा वर्ग १.२८. दोन्हींचा गुणाकार १.४०. नऊ टक्के वेगासाठी चाळीस टक्के जास्त उष्णता. तीन तासांच्या रेंडरमध्ये वाचणार पंधरा मिनिटं, तीही ते रेंडर पूर्ण झालं तर.

"पण मग दिवाळीत पास कसा झाला?"

हा प्रश्न रास्त होता. दिवाळीनंतर परभणीत थंडी पडायला लागते, रात्री खोलीत २२-२३ अंश असतात. हवेवर चालणारा कूलर, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावरचा तो पत्र्यांचा मनोरा आणि पंखा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. तो फक्त खोलीपेक्षा किती वर राहायचं ते ठरवतो. दिवाळीत पूर्ण भारावर ७८ दिसत होते, म्हणजे खोलीच्या वर ५५. मे महिन्यात खोली ३८ वर असेल तर तेच ५५ मिळवून ९३ होतात, आणि बहुतेक प्रोसेसरची शंभरच्या आसपासची लक्ष्मणरेषा समोर दिसायला लागते. त्याने सेटिंग जिथून उचलली होती ते व्हिडिओ कुणा थंड देशातल्या किंवा एसी लावलेल्या खोलीतल्या माणसाचे. त्याचे आकडे खोटे नव्हते, ते त्याच्या खोलीचे होते. परभणीत आणताना खोलीचा फरक कुणी मिळवलाच नाही.

इथपर्यंत सोपं आहे, हे कुणीही सांगेल. मला खटकत होतं ते वेगळंच. दुपारी दोनला रेंडर लावलं तर बहुतेकदा पूर्ण व्हायचं. रात्री नऊ-दहाला लावलं की मरायचं. ऊन दुपारी, मरण रात्री.

त्याचा स्टुडिओ आधी आजोबांच्या माळवदाच्या खोलीत होता. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकूड आणि माती. मग धंदा वाढला तसा वरच्या मजल्यावर स्लॅब टाकून नवी खोली बांधली, आत फॉल सीलिंग, निळे दिवे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी आत ओततो. पीसीच्या पुढच्या पंख्याशी मी थर्मामीटर ठेवून बघितलं तर रात्री नवाला बाहेर वारा सुटलेला होता आणि आत दुपारपेक्षा जास्त. त्यात रात्री डास येतात म्हणून खिडक्या बंद. वाळ्याचा कूलर घरघरत होता, पण त्याची ओली हवा जायला वाटच नव्हती. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा कूलर चांगलं काम करतो, कारण कोरडी हवा पाणी पटकन पिते आणि तेवढ्यात थंड होते. बंद खोलीत अर्ध्या तासात हवा ओलीचिंब होते, आणखी पाणी पीत नाही, मग कूलर नुसता पंखा उरतो आणि आपण चिकट होतो. समोरच्या खिडकीला मच्छरजाळी ठोकून ती उघडी ठेवायला लावली, तेव्हा खोलीचा पारा हलला.

आता मरण्याबद्दल. "पीसी मरतो" या दोन शब्दांत भाच्याने दोन वेगळी दुखणी कोंबली होती. कधी निळा पडदा यायचा, त्यावर कोड असायचा. कधी पडदा नाही, कोड नाही, एका क्षणात अंधार आणि मग आपलाआप रिस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दुसऱ्या प्रकाराखाली कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद असते, आणि लोक तो आकडा शोधत रात्र काढतात. ती नोंद एवढंच म्हणते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तर आपल्याला माहीतच असतं. निळ्या पडद्याचा कोड मात्र बोलका होता. शून्य-एक्स-१२४, म्हणजे प्रोसेसरने स्वतःच सांगितलं की हार्डवेअरमध्ये अशी चूक झाली जी मला दुरुस्त करता आली नाही. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनवर हा कोड आला की पहिला संशय व्होल्टेज कमी पडण्याचा.

१.३८ देऊनही कमी? हो. ४.७ गिगाहर्ट्झला घड्याळाच्या एका ठोक्याला एक अब्जांश सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग मिळतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसहा सेंटिमीटरच्या आतच पोचतो. तेवढ्यात ट्रान्झिस्टरच्या रांगाच्या रांगा उघडून-मिटून उत्तर पक्कं व्हायला हवं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर चपळ होतात, तापले की सुस्तावतात. शिवाय तापल्यावर गळती वाढते, म्हणजे काम न करताच वीज झिरपते आणि आणखी तापतं. वर भार आला की मदरबोर्डकडून येणारं व्होल्टेज थोडं खाली बसतं, त्याला व्हीड्रूप म्हणतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, १.३८ लिहिलं असलं तरी रेंडरच्या ऐन भरात पोचत होतं त्याहून कमी. दिवाळीत जे व्होल्टेज पुरलं, तेच मे महिन्यात अपुरं झालं. मग माणूस काय करतो? व्होल्टेज अजून वाढवतो. पीसी आणखी तापतो, आणखी व्होल्टेज मागतो. भाच्याने मार्चपासून हेच चालवलं होतं. १.३८ हा आकडा मुळातला नव्हताच, तो असा पायरीपायरीने चढलेला होता.

म्हणून पहिल्यांदा सगळं कंपनीच्या सेटिंगवर आणलं. नुसता प्रोसेसर नाही, रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त गतीने पळवणारी तयार सेटिंग, तीसुद्धा बंद केली. हे लोक विसरतात. डब्यावर ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम त्या गतीने पळते ती बहुतेकदा १.२ ऐवजी १.३५ व्होल्टवर, आणि तेही एक ओव्हरक्लॉकिंगच आहे, फक्त एका क्लिकचं. भाचा कुरकुरला. तारीख जवळ आली होती, नवरीकडचे रोज फोन करत होते. पण मूळ गतीवर मशीन कसं वागतं ते कळल्याशिवाय कुठल्या दुखण्याला काय औषध द्यायचं हे ठरवता येत नाही.

निळे पडदे थांबले. अंधार थांबला नाही.

इथं मला मजा यायला लागली, हे कबूल करते. अंधार होण्याआधी यूपीएसमधून 'टक' आवाज येतो का, असं मी विचारलं. येतो म्हणाला, पण तो तर नेहमीच येतो. रात्री आमच्या भागात लाइट डोळा मारते. जात नाही, नुसती लवते, आणि तेवढ्यात यूपीएस बॅटरीवर जाऊन परत येतो. मी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि रेंडर सुरू करून बघितलं. मूळ सेटिंगवर ३९० वॅट, त्यातला निम्म्याजवळचा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. ओव्हरक्लॉक परत चालू केल्यावर साडेचारशे. यूपीएसवर मोठ्या अक्षरात ६०० लिहिलेलं होतं, पण ते व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, वॅट नव्हेत. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात ३६० वॅट. जोवर भिंतीतून वीज येते तोवर तो ती पुढे ढकलतो, आणि लाइट लवली की ३९० असो की साडेचारशे, ते ओझं एकदम बॅटरीवर येतं आणि तो हात वर करतो. खात्री करून घ्यायला खोटं रेंडर लावलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. टक, एक लांब बीप, अंधार. पुन्हा केलं, पुन्हा तेच. प्रोसेसर, रॅम, विंडोज यांतल्या कुणाचाही याच्याशी संबंध नव्हता. नवा एसएमपीएस घेतला असता तर तोही असाच मेला असता.

यूपीएस मोठा घेतला, वॅटचा आकडा वाचून घेतला.

आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट निघाली. कॅबिनेटच्या पत्र्याला मनगटाची आतली बाजू लागली की झिणझिण्या यायच्या. भाचा म्हणे, "ते तर पहिल्यापासून आहे." एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते किंचित वीज पत्र्याकडे सोडतात आणि अर्थिंगने ती जमिनीत जावी अशी अपेक्षा असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. करंट नगण्य, पण जाणवतो. याच्या घरात अर्थिंग होतं, मागच्या अंगणात कोळसा-मीठ घालून पुरलेलं. फक्त मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि कोरडी माती वीज वाहून नेत नाही. खड्ड्यात पाणी ओतायला सांगितलं. झिणझिण्या गेल्या. याने पीसी हँग व्हायचा थांबला असं मी म्हणणार नाही, पण हेडफोनमधली भुणभुण गेली, आणि ती तो ध्वनीच्या ट्रॅकमधून काढायला रात्री जागत होता.

शेवटी कॅबिनेट उघडलं. खरं तर लोक तिथूनच सुरुवात करतात, आणि ते चुकीचं नाही. बाहेरून सगळं स्वच्छ होतं, भाचा दर महिन्याला ब्लोअर मारतो. पण मनोऱ्याचा पंखा क्लिपा सोडवून बाजूला काढला तेव्हा मागच्या पत्र्यांच्या तोंडावर घोंगडीच्या तुकड्यासारखा राखाडी थर बसलेला होता. पंखा आणि पत्रे यांच्या मधोमध, त्यामुळे कुठूनच दिसत नव्हता. चिमटीत धरून ओढला तर अख्खा सोलून आला. बोटांनी विसकटला तर त्यात कापसाचे तंतू, काळी माती, आणि हे सगळं एकमेकांना चिकटवून ठेवणारा एक तेलकट अंश. तो कशाचा म्हणून वर बघितलं. पीसीच्या बरोबर वर देवीचा फोटो, त्यापुढे उदबत्तीचं घर. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी उदबत्ती, मग पीसी. धूर थेट पुढच्या पंख्यात. फोटो हलवायचा की पीसी, यावर थोडी चर्चा झाली. पीसी हलवला.

प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडूसारखी कडक झाली होती. या पेस्टबद्दल गैरसमज फार. ती काही थंडावा देत नाही. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही डोळ्यांना सपाट दिसतात, पण मध्ये बारीक फटी असतात आणि त्यांत हवा असते. तांबं उष्णता नेतं ४००च्या पट्टीने, पेस्ट पाच-आठच्या, आणि हवा ०.०३ च्याही खाली. हवा हाकलायला पेस्ट लागते, म्हणून तुरीच्या दाण्याएवढी पुरते. जाड लेप दिला तर ती स्वतःच अडथळा होते. धूळ आणि पेस्ट मिळून दहा-अकरा अंश उतरले, एकही नवी वस्तू न घेता.

एक कोपरा मात्र तसाच गरम होता. प्रोसेसरसोबत येणारा कंपनीचा ठेंगणा कूलर हवा खाली मदरबोर्डवर सोडतो, आणि त्या वाऱ्यात प्रोसेसरला वीज पुरवणारे आजूबाजूचे मॉस्फेट आयतेच थंड होतात. उभा मनोरा बसवला की प्रोसेसर थंड आणि मॉस्फेट उघड्यावर. तिथं एक लहान पंखा केबल टायने बांधला. दिसायला वाईट दिसतो, काचेच्या बाजूने निळ्या दिव्यात अधिकच वाईट. भाच्याला ते अजून सलतं.

एवढं झाल्यावर त्याने ४.७ परत लावला. मी नाही म्हटलं नाही, फक्त एचडब्ल्यूइन्फो हा पीसीची नाडी दाखवणारा प्रोग्रॅम उघडून दोन रेघा शेजारी शेजारी लावून दिल्या, एक तापमानाची, एक प्रत्यक्ष गतीची. रात्री दहाला रेंडर लावलं. सुरुवातीला ४.७. मग पारा शंभरला टेकला आणि प्रोसेसरने स्वतःला वाचवायला गती कमी केली. ४.४, ४.१, मध्येच ३.९. सेटिंगमध्ये ४.७, वीजबिलात ४.७, खोलीत ओतलेली उष्णता ४.७ ची, आणि काम कंपनीच्या सेटिंगपेक्षा हळू. तो ती रेघ बराच वेळ बघत बसला. माझ्या सगळ्या वर्गापेक्षा त्या आलेखाचा उपयोग जास्त झाला.

आता बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवून ठेवलेत, एकाचं नाव उन्हाळा, दुसऱ्याचं हिवाळा. उन्हाळ्यात ४.३, आणि व्होल्टेज कंपनीपेक्षाही थोडं खाली. बहुतेक प्रोसेसरना गरजेपेक्षा जरा जास्त व्होल्टेज दिलेलं असतं, कारण एकाच मॉडेलचे सगळे नग सारखे निघत नाहीत आणि कंपनीला सगळ्यांत कमजोर नगही चालवून दाखवायचा असतो. ते थोडं थोडं उतरवत, प्रत्येक पायरीला मेमटेस्ट (रॅमची परीक्षा) आणि प्राइम९५ लावत, आणि मुख्य म्हणजे ते रात्री नऊनंतर, स्लॅब तापलेला असताना लावत, एक जागा सापडली. प्राइम९५ ची गंमत अशी की ते मुळात मोठाल्या मूळ संख्या शोधायला १९९६ पासून चालू असलेल्या उपक्रमाचं हत्यार आहे. ज्या गणिताचं उत्तर आधीच माहीत आहे ते प्रोसेसरकडून पुन्हा पुन्हा करून घेतं आणि एक आकडा जरी चुकला तरी पकडतं. थंडीतल्या रात्रीचा पास हा थंडीपुरता. परीक्षा घ्यायची तर मे महिन्यात घ्यावी.

पाण्याचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. चारशे वॅटचा पीसी म्हणजे चारशे वॅटचा हीटर, त्यातला एकही वॅट खोलीबाहेर जात नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिटच्या आसपासची उष्णता शोषली जाते. म्हणजे नुसत्या पीसीची उष्णता मारायला कूलरला तासाला अर्धा लिटरहून थोडं जास्त पाणी लागतं, रात्रभराला पाचेक लिटर. ज्या मराठवाड्यात २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि नळाला पाणी किती दिवसांनी येणार यावर घराची कामं ठरतात, तिथं हा हिशेब मी भाच्याच्या आईसमोर केला. ताईने त्यावर एकच विचारलं, "मग ते वाचलेले पंधरा मिनिटं काय करतो हा?"

जुना सहाशेचा यूपीएस टाकून दिला नाही. त्यावर आता राउटर आणि खालच्या मजल्यावरच्या काउंटरचा प्रिंटर आहे. प्रिंटर लेझर, म्हणजे एकदम जास्त वॅट ओढणारा, निघाला तर तोही काढावा लागेल, ते अजून बघायचंय.